बंदुका काढल्या, गिऱ्हाईक किती गेलं?

१४ फेब्रुवारी २०१८. फ्लोरिडातल्या पार्कलंड गावच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका १९ वर्षांच्या माजी विद्यार्थ्यानं १७ जणांना गोळ्या घालून ठार केलं. हल्लेखोराचं नाव कळल्यावर डिक्स स्पोर्टिंग गुड्स या कंपनीनं आपल्या विक्रीच्या नोंदी चाळल्या. नाव सापडलं. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्या मुलानं डिक्सच्या दुकानातून एक शॉटगन विकत घेतली होती. वय कायद्यात बसत होतं, अर्ज भरलेला होता, सरकारी पडताळणीही पार पडली होती. शाळेत त्यानं चालवली ती ही बंदूक नव्हती. शाळेत चालवलेली एआर-१५ जातीची, म्हणजे लष्करी धाटणीची रायफल दुसरीकडून घेतलेली होती.

एखाद्या दुकानदारानं इथे सुटकेचा निःश्वास सोडला असता. बंदूक आपली नव्हे, कागदपत्रं चोख, वकील खूश. कंपनीचे प्रमुख एड स्टॅक यांनी मात्र उलटा विचार केला, आणि तो त्यांनी नंतर जाहीरपणे बोलूनही दाखवला: आपण सगळं नियमानं केलं आणि तरीही हा मुलगा आपल्या काउंटरवरून बंदूक घेऊन गेला, म्हणजे व्यवस्थेतच कुठेतरी भोक आहे. २८ फेब्रुवारीला सकाळी ते टीव्हीवर आले. कंपनीच्या ‘फील्ड अँड स्ट्रीम’ नावाच्या ३५ दुकानांतून लष्करी धाटणीच्या रायफली कायमच्या बंद. जास्त काडतुसं मावणारी मॅगझिन बंद. आणि २१ वर्षांखालच्या कुणालाही कुठल्याही दुकानात बंदूक मिळणार नाही, मग कायदा १८ म्हणत असला तरी.

पुढे काय झालं, याच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत कंपनीनं तत्त्वासाठी पंचवीस कोटी डॉलरवर पाणी सोडलं आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या गोष्टीत बंदूकवाल्या गिऱ्हाइकांनी तिला धडा शिकवला. व्यवस्थापनाच्या वर्गात सहसा पहिली गोष्ट सांगतात. मला दोन्ही अर्ध्या वाटतात. या प्रकरणात ग्राहक एकटा नव्हताच. तीन-चार वेगवेगळ्या जातींचे ग्राहक होते, आणि त्यांच्या रागाची आणि कौतुकाची किंमत एकाच मापानं मोजता येत नव्हती.

कंपनी कुठली, माल कुठला

मराठी वाचकाला आधी चित्र उभं करून द्यायला हवं, कारण आपल्याकडे बंदूक हा दुकानातला माल नाहीच. शस्त्र कायदा १९५९ चा. परवान्याशिवाय बंदूक नाही, २१ वर्षांखाली तर नाहीच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनहून जास्त बंदुका नाहीत. डी-मार्टमध्ये तुरीच्या डाळीच्या रांगेतून पुढे गेलं की काचेच्या कपाटात रायफली ओळीनं उभ्या, अशी कल्पना करून पाहा. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील टेक्सासात, ओहायोत वॉलमार्ट बघायला जातात, मासेमारीच्या गळांशेजारी ते कपाट दिसतं आणि पावलं थबकतात. तिथल्या स्थानिक गिऱ्हाइकाची थबकत नाहीत. त्याच्या लेखी ते कपाट गळ, तंबू, बूट यांच्याच कुळातलं. हा सहजपणा ध्यानात घेतल्याशिवाय पुढची चिडचिड कळत नाही.

डिक्सचा जन्मही त्याच कुळातला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी अठरा वर्षांच्या डिक स्टॅकनं मासेमारीच्या आमिषांचं दुकान टाकलं. भांडवल आजीनं बिस्किटांच्या बरणीतून काढून दिलेले ३०० डॉलर. मुलगा एड यानं १९८४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा दुकानं दोन होती. २०१८ पर्यंत ती सातशेच्या वर गेली, मुख्यालय पिट्सबर्गजवळ आलं, वर्षाची विक्री साडेआठशे कोटी डॉलरच्या घरात पोचली. बूट, जर्सी, बेसबॉलच्या बॅटी, व्यायामाची यंत्रं, आणि मागच्या भिंतीला शिकारीचा विभाग. एड स्टॅक यांच्या स्वतःच्या घरीही बंदुका होत्या. शहरी भाबडेपणातून घेतलेला निर्णय, ही टीका त्यांना लागू पडत नव्हती.

पण एक जुना डाग होता. १४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तेव्हा डिक्सनं लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री ‘स्थगित’ केली होती. वर्षही उलटलं नाही तोच २०१३ मध्ये कंपनीनं फील्ड अँड स्ट्रीम ही नवी दुकानमालिका उघडली आणि तिथे त्याच रायफली पुन्हा मांडल्या. पाटी बदलली, माल तोच. त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. २०१८ च्या घोषणेत ‘कायमच्या’ हा शब्द इतका ठासून का आला, याचं उत्तर या पाटीबदलात आहे.

घोषणेनंतरचे आठवडे

त्याच दिवशी संध्याकाळी वॉलमार्टनंही वयाची अट २१ केली. क्रोगर कंपनीच्या फ्रेड मायर दुकानांनी तेच केलं आणि मार्च संपण्याआधी बंदुकांचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. मैदानी कपडे-सामान विकणाऱ्या एल. एल. बीननंही वय वाढवलं. आरईआय ही गिर्यारोहण-सायकलिंगच्या सामानाची सहकारी संस्था बंदुका विकतच नव्हती. तिनं व्हिस्टा आउटडोअर कंपनीकडून माल मागवणं थांबवलं, कारण त्या कंपनीच्या पाण्याच्या पिशव्या आणि सायकलची हेल्मेटं जिथे बनत, तिथेच दुसऱ्या खात्यात काडतुसं आणि रायफली बनत होत्या. हा फारच लांबचा धागा होता, पण आरईआयच्या सभासदांनीच तो हुडकून काढला आणि ओढला.

विरोधकही गप्प बसले नाहीत. बंदूक-उद्योगाची व्यापारी संघटना नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन हिनं मे महिन्यात डिक्सला एकमतानं काढून टाकलं. या संघटनेचं मुख्यालय तेव्हा न्यूटाउनलाच होतं, सँडी हूकच्याच गावात. अशा योगायोगांवर काय बोलावं कळत नाही. मॉसबर्ग, स्प्रिंगफील्ड आर्मरी अशा उत्पादकांनी डिक्सशी व्यवहार तोडला. ओरेगनमधल्या एका २० वर्षांच्या तरुणानं वयावरून भेदभाव केला म्हणून डिक्स आणि वॉलमार्ट दोघांवर दावा लावला. कंपनीतल्या साठेक कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली.

एप्रिलमध्ये कंपनीनं आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते गिऱ्हाइकांच्या रागाला खरी धार त्यानंच आली. उरलेल्या रायफलींचं काय करायचं? व्यापारात साधी रीत आहे, न खपलेला माल उत्पादकाला परत जातो किंवा दुसऱ्याला विकला जातो. डिक्सनं त्या तोडून भंगारात घातल्या. सुमारे ५० लाख डॉलरचा माल. स्टॅक यांचा हिशेब सरळ होता: रस्त्यावर या बंदुका नकोत असं आपण म्हणतो, मग त्याच दुसऱ्याच्या दुकानातून रस्त्यावर येऊ द्यायच्या कशाला? तर्क बिनतोड आहे. पण शिकारी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहा. तोवर डिक्सचा निर्णय हा ‘आम्ही हा माल ठेवत नाही’ एवढाच होता. बेकरीवाला अंड्याचा केक ठेवत नाही म्हणून कुणी त्याच्याशी भांडत नाही. माल तोडून टाकला म्हणजे ‘ही वस्तूच वाईट’ असं झालं, आणि ती वस्तू ज्याच्या घरी आहे त्याला ‘तूही’ असं ऐकू आलं. गिऱ्हाईक दुकानाचं धोरण माफ करतं. आपली लायकी काढलेली माफ करत नाही.

मतं भरपूर होती

मतांचा कौल स्टॅक यांच्या बाजूनं होता यात शंका नाही. पार्कलंडनंतर आठवड्याभरात प्रसिद्ध झालेल्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या पाहणीत ६६ टक्के मतदारांनी कडक बंदूक कायद्यांना पाठिंबा दिला, विरोध ३१ टक्क्यांचा. प्रत्येक खरेदीदाराची पडताळणी हवी, याला तर ९७ टक्के हो म्हणाले. अमेरिकेत ९७ टक्के लोकांचं एकमत होणारी दुसरी गोष्ट शोधायला बरीच पायपीट करावी लागेल.

आता दुकानाच्या बाजूनं मोजू. प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या पाहणीत ३० टक्के प्रौढांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं. त्यांपैकी दोन-तृतीयांशांनी बंदूक बाळगण्याचं मोठं कारण स्वसंरक्षण सांगितलं. शिकार म्हणणारे ३८ टक्के होते. शिकारी तर ओसरतच चाललेत: सरकारच्या वन्यजीव खात्याच्या पाहणीनुसार २०११ मध्ये १.३७ कोटी, २०१६ मध्ये १.१५ कोटी. म्हणजे डिक्सच्या मागच्या भिंतीचं हक्काचं गिऱ्हाईक देशाच्या लोकसंख्येत वीसातला एकही भरत नव्हतं.

मग ६६ टक्के खूश आणि पाच टक्के नाराज, तर विक्री वाढायला हवी होती. वाढली नाही. २०१८ च्या आर्थिक वर्षात जुन्याच दुकानांची तुलनात्मक विक्री ३.१ टक्क्यांनी घसरली.

इथे टोपलीचा हिशेब येतो. शिकारी माणूस दुकानात येतो तो एक रायफल घ्यायला येत नाही. रायफल दहा वर्षांतून एकदा. काडतुसं मात्र दर हंगामात, त्यासोबत बूट, थर्मल कपडे, नारिंगी जॅकेट, थर्मास, आणि बरोबर आलेल्या पोराची बेसबॉलची हातमोजी. तो रुसला की अख्खी टोपली घेऊन रुसतो. त्याला पर्याय तयार असतात: कॅबेलाज, बास प्रो, अकॅडमी किंवा गावातलंच जुनं बंदूकवाल्याचं दुकान. शिवाय त्याच्या नाराजीला लक्षात राहायला निमित्त आहे. प्रत्येक हंगामात, प्रत्येक वेळी काडतुसं घ्यायची वेळ आली की ती पुन्हा ताजी होते.

कौतुक करणाऱ्याचं तसं नाही. शहरातली आई घोषणा ऐकून गहिवरते, समाजमाध्यमांवर दोन ओळी लिहिते, मुद्दाम जाऊन मुलासाठी एक जोड घेऊनही येते. तो जोड तिनं तसाही कुठूनतरी घेतलाच असता. पुढचा जोड सहा महिन्यांनी, तोवर ही बातमी दहा बातम्यांच्या खाली गेलेली, आणि शेजारच्या दुकानात वीस टक्के सूट लागलेली. तिचं मत खोटं नाही, फक्त त्याला खर्च पडत नाही. शिकाऱ्याच्या नाराजीला पडतो: त्याला जास्त गाडी चालवावी लागते, कदाचित जास्त पैसे मोजावे लागतात, आणि तो ते करतो.

२०१८ च्या त्याच फेब्रुवारीतला एक किस्सा इथे सांगण्याजोगा आहे. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेच्या अधिवेशनाला जाणाऱ्यांना डेल्टा विमान कंपनी तिकिटात सवलत देत असे. पार्कलंडनंतर डेल्टानं ती बंद केली. दोन्हीकडून बहिष्काराच्या आरोळ्या उठल्या आणि जॉर्जियाच्या विधिमंडळानं चिडून विमान इंधनावरची प्रस्तावित करसवलतच विधेयकातून काढून टाकली. त्या सवलतीत तिकिटं किती विकली गेली होती? तेरा.

पंचवीस कोटींचा आकडा

मार्च २०१९ मध्ये स्टॅक यांनी या धोरणामुळे सुमारे १५ कोटी डॉलरची विक्री गेल्याचं सांगितलं, म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या १.७ टक्के. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मुलाखतीत हाच आकडा ‘पाव अब्ज’ झाला. दोन्ही त्यांचेच अंदाज. पुढच्या सगळ्या लेखांत आणि व्याख्यानांत दुसराच टिकला. गोल आकड्याला पाय लवकर फुटतात.

आकडा फुगवला असं मला म्हणायचं नाही. म्हणायचंय ते एवढंच की तो वेगळा काढणं जवळजवळ अशक्य होतं. २०१८ च्या दुसऱ्या तिमाहीत तुलनात्मक विक्री चार टक्क्यांनी घसरली तेव्हा कंपनीनं कारणं तीन दिली होती. अंडर आर्मर या ब्रँडनं आपला माल इतर मोठ्या दुकानांतही मांडायला सुरुवात केली होती, त्यामुळे डिक्सकडे तोच टी-शर्ट घ्यायला येण्याचं कारण उरलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा विभाग कंपनी स्वतःच आवरता घेत होती. आणि तिसरं शिकार. त्यातही धोरणामुळे रुसून गेलेले किती आणि शिकारच सोडून दिलेले किती, हे बिलावर लिहिलेलं नसतं. त्याच वर्षी बंदूक-उद्योगाला एरवीही मंदी होती, कारण २०१६ च्या निवडणुकीआधी कायदे कडक होतील या धास्तीनं लोकांनी आधीच घरं भरून ठेवली होती. ट्रम्प निवडून आले, धास्ती गेली, आणि तिच्याबरोबर घाईही. अमेरिकेतला बंदुकीचा बाजार भीतीवर वर जातो आणि निर्धास्तपणावर खाली येतो, हे त्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो.

दहा दुकानांचा प्रयोग

सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग टीव्हीवर आलाच नाही. २०१८ च्या उत्तरार्धात डिक्सनं जिथे शिकारीचा विभाग कमजोर होता अशी दहा दुकानं निवडली आणि तिथला तो विभागच उचलला. लष्करी रायफली तर आधीच गेल्या होत्या. आता साध्या शिकारी बंदुका, काडतुसं, सगळंच. त्या जागेत त्या त्या गावात खपणारा माल मांडला: बेसबॉलचं साहित्य, थंडीची जॅकेटं, स्थानिक संघांच्या जर्सी.

ती दहा दुकानं बाकीच्यांपेक्षा चांगली चालली. विक्रीही वाढली, मार्जिनही. यात जादू नाही. रायफलीवर आणि काडतुसांवर दुकानदाराला सुटतं थोडं. जर्सीवर आणि जॅकेटवर चांगलं सुटतं. शिवाय काडतुसांना कुलूप, नोंदवही, प्रशिक्षित माणूस, पडताळणीचा फोन हे सगळं लागतं. जर्सीला हँगर लागतो. २०१९ मध्ये कंपनीनं हाच प्रयोग १२५ दुकानांत करायचं ठरवलं, २०२० मध्ये आणखी सुमारे ४४० दुकानं जाहीर केली. २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत तुलनात्मक विक्री ३.२ टक्क्यांनी वाढली, तिसऱ्या तिमाहीत सहा टक्क्यांनी.

इथे संशयी वाचक विचारेल, आणि विचारावंच: मग हा सदसद्विवेकाचा निर्णय की कमी मार्जिनचा विभाग गुंडाळायचं सोज्वळ निमित्त? माझं उत्तर असं आहे की फेब्रुवारी २०१८ चा निर्णय विवेकाचा होता, कारण त्या दिवशी हातात दहा दुकानांचे आकडे नव्हते आणि नुकसान होणार हे ठाऊक होतं. २०१९-२० चे निर्णय दुकानदारीचे होते. पहिल्या निर्णयानं फक्त एक अडसर काढला. ‘शिकारीचा विभाग हा आपल्या घराण्याचा वारसा, त्याला हात लावायचा नाही’ ही कंपनीतली अलिखित समजूत मोडली. एकदा ती मोडल्यावर कुणीतरी फूटपट्टी घेऊन त्या भिंतीच्या प्रत्येक चौरस फुटाचा नफा मोजला. तो आधीच मोजायला हवा होता.

वॉलमार्ट: तोच माल, वेगळं गिऱ्हाईक

तुलनेसाठी वॉलमार्ट हवंच. कंपनीचे संस्थापक सॅम वॉल्टन पक्षी मारण्याच्या शिकारीचे इतके शौकीन की वॉलमार्टच्या कुत्र्यांच्या खाद्याला त्यांच्या शिकारी कुत्र्याचं नाव दिलेलं आहे, ओल रॉय. असं असूनही वॉलमार्ट बंदुकांतून पायरी-पायरीनं बाहेर येत होतं. १९९३ मध्ये अलास्का सोडून सगळीकडे पिस्तुलं बंद. २०१५ मध्ये एआर-१५ सारख्या रायफली बंद. कारण दिलं गेलं ते मागणी घटल्याचं, आणि भाषा मुद्दाम कोरडी ठेवली.

३ ऑगस्ट २०१९ ला टेक्सासमधल्या एल पासो शहरात वॉलमार्टच्याच दुकानात एका हल्लेखोरानं गोळीबार केला. त्याचा रोख लॅटिनो माणसांवर होता. मृतांचा आकडा अखेरीस २३ झाला. त्यांत सीमेपलीकडच्या मेक्सिकोहून खरेदीला आलेलेही होते. त्याआधी चारच दिवस मिसिसिपीतल्या साउथहेवनच्या दुकानात वॉलमार्टचे दोन कर्मचारी मारले गेले होते. एल पासोतली बंदूकही वॉलमार्टमधून घेतलेली नव्हती. पण या वेळी जमिनीवर सांडलेलं रक्त दुकानाच्या स्वतःच्या फरशीवरचं होतं. आधी कंपनीनं हिंसक व्हिडिओ गेमच्या जाहिराती दुकानातून उतरवल्या आणि बंदुका तशाच ठेवल्या. यावर तिची जी शोभा झाली ती रास्तच होती. कॅलिफोर्नियातल्या तिच्या ऑनलाइन विभागातले कर्मचारी काम सोडून बाहेर आले.

हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा मिझूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल आणि शंभरएक गोळ्या घेऊन शिरला. लोक जिवाच्या आकांतानं पळाले. पकडल्यावर म्हणाला, शस्त्र बाळगण्याचा माझा हक्क वॉलमार्ट मानतं का ते पाहत होतो. अमेरिकेत उघड्यावर बंदूक घेऊन फिरणं अनेक राज्यांत कायदेशीर आहे. दूध घ्यायला आलेल्या बाईनं समोरचा माणूस हक्क बजावतोय की खून करायला आलाय, हे कसं ओळखायचं?

३ सप्टेंबरला मुख्याधिकारी डग मॅकमिलन यांनी पत्रक काढलं. पॉइंट टू-टू-थ्री आणि ५.५६ या मापांची, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींत चालणारी काडतुसं साठा संपताच बंद. पिस्तुलांची काडतुसं बंद. अलास्कातली पिस्तुलं बंद. आणि गिऱ्हाइकांना विनंती: दुकानात उघडी बंदूक घेऊन येऊ नका. शिकारीच्या रायफली, शॉटगन आणि त्यांची काडतुसं मात्र राहिली. अमेरिकेतल्या दारूगोळ्याच्या विक्रीत वॉलमार्टचा वाटा सुमारे २० टक्के होता. तो ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असं कंपनीनंच सांगितलं. रायफल असोसिएशननं याला लाजिरवाणं म्हटलं. क्रोगर, सीव्हीएस, वॉलग्रीन्स यांनी दोन दिवसांत तीच विनंती आपल्या गिऱ्हाइकांना केली.

आणि विक्री? पुढच्या तिमाहीत वॉलमार्टची अमेरिकेतली तुलनात्मक विक्री ३.२ टक्क्यांनी वाढली. बहिष्काराचा मागमूस नाही.

कारण पुन्हा टोपली. वॉलमार्टच्या गिऱ्हाइकाच्या टोपलीत दूध, अंडी, डायपर, मधुमेहाच्या गोळ्या. गावाकडे तर वीस-पंचवीस मैलांत दुसरं मोठं दुकान नाही. काडतुसांसाठी तो हळहळेल, शिव्या देईल, पण दुधासाठी दुसरीकडे जाणार नाही. तो दारूगोळा दुसरीकडून घेईल आणि परतताना अंडी इथूनच. डिक्स हे शौकाचं दुकान. शौकाच्या दुकानाशी भांडण परवडतं. किराण्याच्या दुकानाशी परवडत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत कळेल. दुसरं असं की मॅकमिलन यांनी काहीही तोडून भंगारात टाकलं नाही. ‘साठा संपेपर्यंत’ हे दोन शब्द व्यापारी होते, आणि त्यांनीच पत्रकातलं विष उतरवलं. नीतीच्या दृष्टीनं ते डळमळीत आहेत हे खरंच: जो माल घातक म्हणून बंद करायचा तो आधी पुरता विकून टाकायचा. पण गिऱ्हाइकाला कुणी पापी ठरवलं नाही.

उलट टोकाचं उदाहरण स्मिथ अँड वेसनचं. मार्च २००० मध्ये या बंदूक कंपनीनं क्लिंटन सरकारशी सुरक्षिततेच्या अटींचा करार केला. तिचं गिऱ्हाईक म्हणजे फक्त बंदूकवाले. बूट-जर्सी घेणारं दुसरं कुणी नाहीच. त्यांनी पाठ फिरवली आणि कंपनी कोसळली. १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलेली ही कंपनी ब्रिटिश मालकांनी २००१ मध्ये दीड कोटी रोख आणि कर्जाचा बोजा अशा भावात काढून टाकली. रायफल असोसिएशनचे लोक बहिष्काराची ताकद सांगताना आजही हेच उदाहरण देतात. त्यांचं चुकतं एवढंच की ते डिक्सला आणि वॉलमार्टलाही त्याच मापानं मोजतात.

मग २०२० आलं

महामारी, टाळेबंदी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतरची निदर्शनं, निवडणूक. भीतीचा बाजार उसळला. त्या वर्षी केंद्रीय यंत्रणेनं बंदूक-खरेदी आणि परवान्यांच्या जवळपास ३ कोटी ९७ लाख पडताळण्या केल्या, तोवरचा उच्चांक. काडतुसांची इतकी टंचाई झाली की दुकानं माणशी डबे मोजून देऊ लागली. कित्येकांनी आयुष्यातली पहिली बंदूक त्या वर्षी घेतली, आणि त्यांतल्या कुणाला विचारलं असतं तर दोन वर्षांपूर्वी डिक्सच्या घोषणेला आपण टाळी दिली होती, असंही निघालं असतं.

डिक्सनं ही लाट सोडली. तिला दुसरी मिळाली: घरात कोंडलेल्या लोकांनी डंबेल्स, सायकली, गोल्फचे सेट, तंबू उचलले आणि २०२१ मध्ये कंपनीची विक्री १,२०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. तत्त्वाचं फळ मिळालं असं काहींनी यावर लिहिलं. डंबेल घेणाऱ्याला पार्कलंड आठवत होतं, असं मानायला काही आधार नाही.

२०२० च्याच २९ ऑक्टोबरला, गुरुवारी, निवडणूक पाच दिवसांवर आली असताना वॉलमार्टनं दंगलीच्या भीतीनं आपल्या अमेरिकेतल्या दुकानांतल्या बंदुका आणि काडतुसं मांडणीवरून काढून मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं. मागितली तर मिळणार होती, फक्त दिसणार नव्हती. शुक्रवारी कंपनीनं आदेश फिरवला आणि माल परत कपाटात गेला. डिक्सला एका निर्णयासाठी संघटनेनं हाकललं, उत्पादकांनी वाळीत टाकलं. वॉलमार्टनं एका दिवसात कपाटं रिकामी करून पुन्हा भरली, आणि शनिवारी किराणा भरायला आलेल्यांपैकी बहुतेकांना मधे काही झालं होतं हे कळलंही नसेल.